दोघींचं मिळून

करडी पँट काउंटरवर पडली आणि तिच्यामागोमाग ओळखीचा आवाज आला, "कमरेत जरा आत घेशील का गं?" सुईताईच्या हातातली टेप तिथल्या तिथे थांबली. आत? ही पँट, आणि हिच्या आधीच्या हिच्यासारख्याच करड्या पँटी, आजवर या काउंटरवर फक्त सोडवून घ्यायला आल्या होत्या. शिवणीच्या आत जे जादा कापड राखून ठेवलेलं असतं, ज्याला शिवणारे माया म्हणतात, ते या पँटीतलं केव्हाच वापरून झालं होतं. मग मागच्या बाजूला पाचर जोडली होती, आणि पाचरही पुरेना तेव्हा बटणाशेजारी इलॅस्टिकची पट्टी. बाहेर, अजून बाहेर, अशीच त्या पँटीची हयात गेली होती. आणि आज भोंगाताई ‘आत’ म्हणत होती, तेही इतक्या सहज, जणू दर महिन्याला म्हणत आली होती. "किती आत?" सुईताईनं विचारलं. "ते तू ठरव. माझ्या कमरेला तुझ्याइतकं ओळखतंय कोण? मला तर ती कधी दिसलीच नाही." असं म्हणून भोंगाताई हसली, आणि हसताना तिचं जे काही पूर्वी काउंटरला टेकायचं, ते आज टेकलं नाही. मध्ये हवा होती. बोटभरच, पण होती. सुईताईनं ती हवा पाहिली, आणि मग दिवसभर तिला दुसरं काही दिसलं नाही.

ही नावं दोघींना त्यांच्या सकाळी चालायच्या गटानं दिलेली. एक कपडे दुरुस्तीच्या दुकानात बसून लोकांची उसवलेली अब्रू शिवते म्हणून सुईताई. दुसरी बस डेपोच्या भोंग्यातून बोलते म्हणून भोंगाताई. कुठली बस कुठल्या फलाटावर लागली, कुठली बंद पडली, कुणाचं पोर हरवून चौकशीच्या खिडकीशी रडतंय, हे सगळं शहराला भोंगाताईच्या तोंडून कळायचं. आवाज असा की ऐकणाऱ्यानं डोळे मिटले तर समोर चवळीची शेंग उभी राहावी. एकदा कोणी एक प्रवासी, वर्षभर तो आवाज ऐकून ऐकून विरघळलेला, फुलं घेऊन केबिनशी आला. आत डोकावला, भोंगाताईकडे पाहिलं, आणि तिलाच विचारलं, "त्या बाई कुठे गेल्या?" भोंगाताई त्याच आवाजात म्हणाली, "जेवायला." फुलं तिनं ठेवून घेतली. हा किस्सा ती स्वतःच सगळ्यांना सांगायची, आणि ऐकणाऱ्यांत सगळ्यांत जोरात सुईताई हसायची. इतकी जोरात, की एकदा भोंगाताई थबकली होती आणि तिच्याकडे बघून म्हणाली होती, "पुरे की आता, तुझी शिवण उसवेल."

खरं सांगायचं तर सुईताई काही सुईसारखी नव्हती. नव्हतीच कधी. लहानपणी आई म्हणायची, आमची ही बाळसेदार आहे, आणि बाळसं चाळिशी ओलांडली तरी उतरलं नव्हतं. पण एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर, समोरासमोरच्या दारांत दोघी लहानाच्या मोठ्या झाल्या आणि जिन्यावरून जोडीनं उतरू लागल्या, तेव्हा खालच्या कट्ट्यावरचे लोक विचारायचे, "ती दुसरी कुठली गं? ती बारीक?" ती बारीक म्हणजे आपण, हे सुईताईला पहिल्यांदा कळलं तेव्हा तिला वाटलं होतं की कोणीतरी अंगावर नवं कापड टाकलं आणि ते नेमकं बसलं. तेव्हापासून तिनं ते काढलं नव्हतं. स्वतःच्या लग्नात फोटो काढणारा म्हणत होता, नवरीच्या शेजारी आईला उभं करा, सासूला करा. सुईताईनं प्रत्येक फोटोत हात धरून भोंगाताईला ओढलं होतं. "अगं, मी कशाला मधे मधे?" "तू माझी मैत्रीण आहेस म्हणून." भोंगाताईचे डोळे त्यावर भरून आले होते. फोटो आले, तेव्हा सासरच्या बायका म्हणाल्या, नवरी शेलाटी आहे हो. मैत्री ही अशी गोष्ट की तिच्यात कोण कोणाला काय पुरवतं याचा जमाखर्च कोणी मांडत नाही. सुईताईनं मात्र मांडला होता, मनातल्या मनात, आणि तो कायम जमेच्या बाजूला होता.

गटात भोंगाताईला आणलं तेही सुईताईनंच. गट म्हणजे काय, पार्सलच्या गोदामाचा म्हातारा होत चाललेला रखवालदार, ज्याला सगळे गोदामकाका म्हणत, त्यानं डॉक्टरच्या धमकीनंतर सुरू केलेलं चालणं. एकटा चालला तर कोपऱ्यावरूनच परत यायचा, म्हणून त्यानं शेजाऱ्याला धरलं, शेजाऱ्यानं मेहुणीला, आणि असं करत करत सकाळच्या वेळी नदीकाठच्या रस्त्यावरून पंधरा-वीस जाड माणसं एकमेकांना धीर देत चालू लागली. वजन करायला गोदामातच काटा होता, पार्सलं जोखायचा, जमिनीला लागून मोठी लोखंडी फळी आणि समोर भिंतीवर घड्याळाएवढी तबकडी, तिच्यावरचे आकडे बारीक आणि पुसट, सहजी कोणाला वाचता न येणारे. पण पहिल्याच आठवड्यात कोणी फळीवर चढेना. गोदामकाकांनी मग शक्कल काढली: एकट्यानं चढायचंच नाही. जोडीनं चढायचं. आकडा दोघांचा मिळून, उतरला तर दोघांचा, चढला तर दोघांचा; कोणाचं किती ते देव जाणे. घरातले काटे गोदामात आणून जमा करायचे, चोरून बघणं बंद. आणि ज्या जोडीचा आकडा उतरला नाही, तिनं पुढच्या आठवड्यात रांगेत सगळ्यांत पुढे चालायचं. शिक्षा म्हणून नाही हो, गोदामकाका समजावत, म्हणजे सगळा गट तुमच्या चालीनं चालेल, कोणी मागे पडणार नाही. या माणसाला शाळेत कोणी शिकवलं नव्हतं, पण लाज कुठे राहते आणि तिला कुठून वाट काढून द्यायची हे त्याला ठाऊक होतं. भोंगाताईला हे सगळं ऐकवून सुईताई म्हणाली होती, "चल माझ्याबरोबर. मी आहे ना." भोंगाताईला कारण हवंच होतं. तिच्या लेकीला बाळ झालं होतं आणि लेक राहायची चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. गुडघे दुसऱ्या मजल्याच्या वर तिला जाऊ देत नव्हते, आणि डॉक्टर म्हणाला होता, वजन उतरवा, मग गुडघ्यांशी बोलू. लेक बाळाला घेऊन खाली यायची. भोंगाताई जिन्याच्या पायथ्याशी खुर्ची टाकून नातीला मांडीवर घ्यायची, आणि विचारायची, "हिचा पाळणा खिडकीशी आहे की भिंतीशी?"

सुरुवातीचे आठवडे आकडा उतरत गेला. दोघी फळीवर चढत, खांद्याला खांदा लावून, तबकडीवरचा काटा थरथरत थांबे, गोदामकाका खिशातून चष्मा काढत, पुसत, डोळ्यांवर चढवत, आणि मग आकडा मोठ्यानं वाचत. टाळ्या पडत. सुईताई त्या टाळ्यांतल्या अर्ध्या आपल्या म्हणून घरी नेत असे. अर्ध्याहून थोड्या जास्तच. कारण उत्साह तिचा, सकाळी दार वाजवायची ती, उसासे टाकणाऱ्या भोंगाताईला "अजून त्या खांबापर्यंत" म्हणत ओढायची ती. आपण फार उतरलो नसू, थोडं तरी उतरलोच असू, असं तिनं धरलं होतं. स्वतःच्या पट्ट्याचं भोक बदललं नव्हतं हे तिला माहीत होतं. पण माहीत असणं आणि मान्य करणं यांत बरीच जागा असते, आणि तिथे माणूस आरामात राहू शकतो. त्या जागेतून करड्या पँटीनं तिला उठवलं. टेप लावून तिनं जुनं माप पाहिलं, भोंगाताईच्या कमरेवरून घेतलेलं नवं माप पाहिलं, आणि दोहोंमधलं अंतर बोटांत धरून ती बघत राहिली. म्हणजे उतरलं ते सगळं तिचं होतं. सगळंच्या सगळं. टाळ्या तिच्या होत्या, आणि आपण इतके आठवडे लग्नाच्या पंगतीत वऱ्हाडी म्हणून घुसून जेवत होतो.

जेवताना नवरा म्हणाला, "तुझी मैत्रीण जिन्यात भेटली. बरीच उतरली हं." नवऱ्याचं चष्म्याचं दुकान, दिवसभर लोकांच्या चेहऱ्याकडे जवळून बघायचं हाच धंदा, त्यामुळे त्याच्या तोंडून निघालेली अशी गोष्ट शिक्का मारल्यासारखी असायची. "चेहऱ्याला आकार आला तिच्या. हनुवटी आहे तिला, हे मला आज कळलं." सुईताई पाव मोडत होती. "आणि मी?" नवऱ्यानं मान वर केली, तिच्याकडे प्रेमानं पाहिलं, खरंच प्रेमानं, आणि म्हणाला, "तू आहेस तशीच आहेस." ही बायकोची स्तुती आहे असं समजून तो पुढचा घास घेऊ लागला. सुईताईच्या डोळ्यांपुढे मात्र तो जिना उभा राहिला, जिन्याखालचा कट्टा, कट्ट्यावरचे लोक. ती दुसरी कुठली गं? ती जाड? अंगावरचं ते जुनं कापड कोणीतरी टोकाला धरून ओढत होतं, हळूहळू, अगदी प्रेमानं.

दुसऱ्या दिवशी दुकानात तिनं पँट उलटी केली. खडूनं खूण केली, जिथे व्हायला हवी होती तिथे. मशीनखाली कापड सरकवलं, सुई खाली आली, आणि मग हात स्वतःच वळला असं म्हणता आलं असतं; पण हात असा स्वतः वळत नसतो, हे शिवणारीला कोण सांगणार? रेघेच्या आतून तिनं टीप घातली. बोटभर आतून. जादा कापड कापायला मात्र हात धजला नाही. चांगली शिवणारी कापत नाही, आत दुमडून ठेवते, उद्याचं कोणी सांगितलंय. भोंगाताई आली, पडद्याआड जाऊन पँट घालून बाहेर आली, श्वास आत ओढला, बटण लावलं, आणि तिचा चेहरा पडला. "काचते गं." "काचणारच. फुगली असशील, काल पाणी जास्त प्यालीस का?" "मला वाटलं होतं…" "काय वाटलं होतं?" "काही नाही. उगाच आपलं वाटतं माणसाला." भोंगाताईला आरशाचं वावडं होतं, दुकानातल्या आरशापुढूनही ती बाजू बदलून जायची. तिला स्वतःबद्दल जे काही कळायचं ते कमरेच्या पट्टीतून कळायचं. ती गेल्यावर सुईताईनं मशीनवरचे धाग्याचे तुकडे गोळा केले आणि तिच्या लक्षात आलं की आपल्या पोटात जे दुखत होतं ते थांबलंय. शांत, गार, दुपारच्या झोपेसारखं वाटत होतं.

पण काट्याला कोण दुमडणार? पुढच्या वजनाच्या दिवशी आकडा पुन्हा उतरला, पुन्हा टाळ्या, आणि भोंगाताईनं काचणाऱ्या पँटीवर हात ठेवून म्हटलं, "यात माझं काहीच नाही हो, ही सगळी सुईताईची कमाई." टाळ्या दुप्पट झाल्या. सगळे सुईताईकडे बघत होते. असं दान पदरात पडलं तर माणसानं काय करावं? सुखावावं. सुईताईला ते गिळता येईना. बक्षीस मिळालं होतं, आणि ज्यासाठी मिळालं ते तिच्याकडे नव्हतं, दाखवायला सांगितलं तर दाखवता आलं नसतं. त्या दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. तिनं बिस्किटांचा पुडा उघडला, एक खाल्लं, आणि मग पुडा रिकामा झाल्याचं तिला कागदाच्या आवाजावरून कळलं. घरी आल्यावर ओट्याशी उभ्या उभ्याच पाव आणि लोणी. लोण्याचा थर जाड, त्यावर साखर, दातांखाली साखरेचा कुरकुर आवाज. लहानपणी आई देत असे तसा. भूक नव्हती. भुकेचं काम वेगळं असतं. हे खाणं कामावर निघाल्यासारखं होतं, नेमकं, रोजचं, चोख. आठवडा गेला आणि काटा एकशे त्र्याऐंशीवर येऊन थांबला. मागच्या वेळीही एकशे त्र्याऐंशी. गोदामकाकांनी चष्मा पुन्हा पुसला, पुन्हा वाचलं. टाळ्या नाहीत, पण पाठीवर हात, "होतं असं, होतं." सुईताईच्या डोक्यात लख्ख उजाडलं: ती उतरते तेवढी आपण चढतो, आणि भिंतीवरच्या तबकडीला कोणाचंच काही कळत नाही.

मग ते बरेच दिवस चाललं. भोंगाताईचं जेवढं घटे तेवढं सुईताईच्या अंगावर येई, आणि काटा तिथेच राही, एखाद्या इमानी कुत्र्यासारखा. करड्या पँटी आळीपाळीनं काउंटरवर येत. "धुऊन सैल पडली बघ," भोंगाताई म्हणायची, आणि परत जाताना त्या पुन्हा काचायच्या. गटातली मेहुणी म्हणायची, "भोंगाताई, उतरलात हो तुम्ही!" भोंगाताई हात हलवायची: "तुम्ही चांगुलपणानं बोलता. काटा काय म्हणतो ते बघा. आणि ही पँट काय म्हणते ते मला विचारा." सुईताईकडे कोणी फारसं बघत नव्हतं. तिचे कपडे तीच शिवायची; शिवणारीचं पोट शिवणीत लपतं. नवरा मात्र एकदा तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "झोपताना पलंग थोडा कुरकुरतो नाही अलीकडे? स्क्रू सैल झाले असतील." आणि पान्हा शोधायला उठला. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. आपल्याच मांड्या एकमेकींना चिकटत होत्या, जिना चढताना श्वास तोंडानं घ्यावा लागत होता, आणि हे सगळं, तिला वाटायचं, उसनं आणलेलं अंग आहे. माझं नाहीच हे. हे तिचंच आहे, तिनं टाकलेलं, मी फक्त सांभाळतेय. या विचारात एक विचित्र गोडी होती. कोणी मैत्रिणीसाठी इतकं करतं का?

ज्या जोडीचा आकडा हलत नाही ती पुढे, या नियमानं दोघी आता रोज गटाच्या पुढे चालायच्या. मागे सगळे त्यांच्या चालीनं, बोलत, खोकत, हसत. नदीवर धुकं असायचं, पलीकडच्या कारखान्याचा भोंगा वाजायचा. पूर्वी भोंगाताई धापा टाकायची आणि सुईताई ओढायची. आता भोंगाताईचे पाय आपोआप पुढे पडत आणि ती ते आवरून घेई, शेजारणीची चाल बघून. तिला वाटायचं, सुईताई माझ्यासाठी हळू चालते. "तू जा गं पुढे," ती म्हणायची, "माझ्यामुळे अडकू नकोस." एके सकाळी ती वाटेतच थांबली, मागच्यांना हातानं पुढे जायला सांगितलं आणि कठड्याला टेकून म्हणाली, "काल लेकीकडे गेले होते. बाळ उभं राहायला लागलंय. लेक म्हणाली, आई, वर ये ना, कठड्याला धरून उभी राहते बघ कशी. मी पहिली पायरी चढले, दुसरी चढले. गुडघे दुखले नाहीत. शपथ, दुखले नाहीत. आणि मग मला तो आकडा आठवला. म्हटलं, बये, तू आहेस तेवढीच आहेस, मधेच पाय दगा देईल आणि पोरीच्या जिन्यात अडकून बसशील, अग्निशामक दलाला बोलवावं लागेल. उतरले खाली." ती हसली, पण हसणं तिच्या त्या प्रसिद्ध आवाजात बसलं नाही. "मी सोडते गं. येत्या वजनाला सांगते सगळ्यांना. तुझं किती उतरत असेल आणि मी ते खाऊन टाकतेय. तुला दुसरी जोडी मिळाली तर भराभर जाशील." सुईताई पाण्याकडे बघत होती. बोल, तिच्या आत कोणीतरी म्हणालं, आत्ता बोल, आत्ता तरी. तिनं तोंड उघडलं आणि म्हणाली, "नीट विचार कर." एवढंच. आणि आत, अगदी खाली, जिथे माणूस स्वतःलाही नेत नाही, तिथे कट्ट्यावरचे ते लोक पुन्हा बसले होते आणि कोणीतरी म्हणत होतं, ती बारीक.

सोडण्याची रीत तिला घरी आल्यावर आठवली, भांडं घासताना, आणि हात साबणात तसेच राहिले. सोडून जाणारानं जोडीदारासोबत शेवटचं फळीवर चढायचं. आकडा वाचला जातो. मग सोडणारा खाली उतरतो, आणि जो उरतो त्याचा एकट्याचा आकडा गोदामकाका वाचतात, कारण नव्या जोडीचा हिशेब तिथून सुरू व्हायचा असतो. उरणार कोण? आपण. एकटी, त्या तबकडीसमोर, सगळ्यांसमोर. आजारी पडावं का? ताप आला म्हणावं? पण मग त्याच्या पुढच्या आठवड्यात? बरं, भोंगाताईला थोपवावं. पण थोपवायचं तर सांगायला काय हवं, आणि जे सांगायला हवं तेच तर सांगायचं नव्हतं. तिनं त्या दिवसांत पाव सोडला, लोणी सोडलं, पाणी पिऊन राहिली, जणू चार दिवसांत सगळं परत करता येईल.

गोदामात पुठ्ठ्याचा आणि चिकटपट्टीचा वास होता. पार्सलं भिंतीला लावून रचलेली, प्रत्येकावर कोणाचं तरी नाव. गट अर्धवर्तुळात उभा. भोंगाताईनं सांगितलं, थोडक्यात, घोषणेसारखं, आणि मेहुणीच्या डोळ्यांत पाणी आलं. दोघी फळीवर चढल्या. "सोडू नकोस," सुईताई अचानक म्हणाली. तिनं भोंगाताईचं मनगट घट्ट धरलं. "ऐक माझं. उतरू नकोस. पाया पडते तुझ्या, उतरू नकोस." आवाज फाटला तिचा. ती खरोखर घाबरली होती, आणि भीती आणि प्रेम दुरून सारखंच दिसतं. गटातल्या कोणीतरी सुस्कारा सोडला, "मैत्रीण असावी तर अशी," आणि दोन-तीन जणांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. भोंगाताईनं तिचा हात थोपटला. एकेक बोट सोडवलं. "एकशे त्र्याऐंशी," गोदामकाकांनी वाचलं, चष्मा काढून खिशात ठेवला, नाक शिंकरलं. त्यांनाही भरून आलं होतं. भोंगाताई खाली उतरली.

फळी हलकी झाली नाही. सुईताईला वाटलं होतं, पायांखाली काहीतरी उसळेल. काही उसळलं नाही. काटा मागे फिरला, थरथरला, आणि थांबला. गोदामकाका खिशात चष्मा चाचपत होते. भोंगाताईला चष्मा लागत नव्हता. चालत्या बसच्या पाट्या वाचण्यात तिची उमर गेली होती. तिचे ओठ हलले. सुईताईनं ते हलताना पाहिले, आवाज नव्हता, पण तिला प्रत्येक शब्द ऐकू आला: एकशे त्र्याऐंशीतून ब्याण्णव गेले, एक्क्याण्णव. भोंगाताईच्या चेहऱ्यावर आधी काहीच आलं नाही. मग तिथे एक अशी गोष्ट उगवली जी सुईताईनं तिच्या चेहऱ्यावर लहानपणापासून कधी पाहिली नव्हती, आणि जिच्यासाठी तिनं त्या क्षणी काहीही दिलं असतं. डॉक्टरकडचा जुना आकडा भोंगाताईला पाठ होता. शंभराच्या वरचा. तिचे हात आपोआप कमरेकडे गेले, पोटावरून सरकले, आणि पँटीच्या पट्टीशी, जिथे काचत होतं तिथे, थांबले. अंगठ्यानं पट्टी उलटली. आत दुमडलेलं जाडसर कापड बोटांना लागलं असणार. तिनं मान वर केली आणि सुईताईकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. गोदामकाकांनी चष्मा पुसला, एक काडी कानावर चढवली.

"थांबा, काका," भोंगाताई म्हणाली, आणि परत फळीवर चढली. काटा उसळून पुढे गेला, एकशे त्र्याऐंशीवर जाऊन डुलला. मग तिच्या त्या डेपोच्या आवाजात, ज्याच्यासाठी कोणीतरी फुलं घेऊन आला होता: "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. सुटणारी गाडी रद्द करण्यात आली आहे." गोदामात हशा उसळला, मेहुणी हसत हसत रडली, गोदामकाका म्हणाले, "अहो पण मी वाचलंच नाही!" "वाचायचं काय त्यात? दोघींचं मिळून तेवढंच आहे." खांद्याला खांदा लागलेला होता. भोंगाताईचा खांदा आता हाडाचा होता. तिला खांदा आहे, हे सुईताईला आज कळलं. लोक टाळ्या वाजवत होते, तेव्हा त्या आवाजाखाली, तोंड सरळ समोर ठेवून, भोंगाताई हळूच म्हणाली, "उद्या सकाळी चालून झालं की दुकानात येते. तुला वेळ आहे ना?"

रात्र कशीबशी गेली. सकाळी दोघी नेहमीसारख्या पुढे चालल्या. भोंगाताई पाय आवरत होती, आणि आता ते कोणासाठी हे दोघींनाही माहीत होतं. मागे सगळा गट सुईताईच्या चालीनं येत होता. दुकान उघडल्यावर भोंगाताईनं पँट पडद्याआडून बाहेर टाकली आणि आतून म्हणाली, "जेवढी माया असेल तेवढी सोड." सुईताईनं उसवणी घेतली. एकेक टाका तुटताना बारीक टक्‌ असा आवाज यायचा. आत दुमडलेलं कापड बाहेर आलं, घडीच्या रेघांवर जुना करडा रंग गडद राहिलेला, उन्हानं न विटलेला. पडद्यातून हात आला, पँट आत गेली, आणि मग आतून हसू फुटलं, "अगं पडतेय ही! अगं बाई, पडतेय!" भोंगाताई दोन्ही हातांनी पँट धरून बाहेर आली. आरशापुढून जाताना तिनं बाजू बदलली नाही. थांबली. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. सुईताई स्टुलावर बसून होती, हातात उसवणी, मांडीवर तुटके धागे. तिला वाटलं, आता ती वळेल आणि बोलेल, ते सगळं बोलेल. मी ऐकेन, रडेन, आणि मग आम्ही फिटंफाट होऊ. भोंगाताई वळली. "दुपारी लेकीकडे जाणार आहे," ती म्हणाली. "वर. पायऱ्या चढताना पँट हातात धरून कशी चढू? कमरेत जरा आत घे."

सुईताई उठली. गुडघ्यांवर बसली, बसताना धाप लागली, आणि ती भोंगाताईनं ऐकली. टेप कमरेभोवती फिरवली. टेपेची दोन टोकं एकमेकांना ओलांडून बरीच पुढे गेली. "किती आत?" तिनं विचारलं. मान वर करायची सोय नव्हती. वरून तो चवळीच्या शेंगेचा आवाज आला, पूर्वीसारखाच, कसलाही वळ नसलेला:

"ते तू ठरव."

हिला असं म्हणता येतं, सुईताईच्या मनात आलं. काल परत फळीवर चढायचं हिलाच सुचलं. हे सगळं कळून पुन्हा माझ्याच हातात कंबर द्यायची, हेही हिलाच. वजन टाकलं तेही हिनं, आणि वर हा मोठेपणाही हिच्याच नावावर जमा. तिनं खडू उचलला, कापड दोन बोटांत धरलं, आणि जिथे रेघ व्हायला हवी होती, नेमकी तिथेच रेघ ओढली. पोटात मात्र दुखायचं ते दुखतच राहिलं.